बेल्ट घरी बदलू का? आधी तो हप्ता बघा

वाचकाचं पत्र थोडक्यात असं. गाडी ९ वर्षांची, १ लाख ३० हजार किलोमीटर झालेली. टायमिंग बेल्ट (इंजिनातला क्रँक आणि कॅमशाफ्ट यांना जोडणारा पट्टा) १ लाखाला बदला, असं तिच्या पुस्तिकेत लिहिलंय. गॅरेजचा खर्च पगाराच्या ३० टक्के, नुसते सुटे भाग घेतले तर १४. ऑइल आणि ब्रेक पॅड ते स्वतःच बदलतात. मग हेही घरी करावं, की सहा महिन्यांनी बोनस आल्यावर गॅरेजला द्यावं? जाता जाता त्यांनी लिहिलंय : वाढीव वॉरंटी आहेच, क्रेडिट कार्डाचं दीड पगार देणं आहे, महिना ३ टक्के व्याज, पण 'मिनिमम (बिलातली किमान रक्कम) कधी चुकवत नाही', आणि पगाराचे १० टक्के दर महिन्याला 'वीस वर्षांत दुप्पट' होणाऱ्या पॉलिसीत जातात.

पगार १०० धरू, म्हणजे हिशेब सोपा होईल.

तुमचं इंजिन इंटरफिअरन्स प्रकारचं आहे, हे तुम्हीच कळवलंय. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, पिस्टन मात्र गतीत वर येत राहतात आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हना ठोकतात. गॅरेजवाल्याने त्या दुरुस्तीचा आकडा २०० सांगितलाय. बेल्ट बहुतेकदा आधी काही कळवत नाही. तेव्हा बोनसची वाट बघणं बाद.

घरी केलंत तर भाग १४, टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना) आणि लॉकिंग पिना (कॅम-क्रँक जागेवर धरून ठेवणाऱ्या) साधारण ५. वाचले ११. ते ११ वाचवायला २०० पणाला. अठरा वेळांत एकदा जरी हात चुकला तरी बचत साफ. ब्रेक पॅडशी याची तुलना नको. इथे बऱ्याच गाड्यांत इंजिनाला खालून आधार देऊन माउंटिंग काढावं लागतं, खुणा जुळवाव्या लागतात, टेन्शनर (बेल्ट ताणून ठेवणारा भाग) नेमका बसवावा लागतो आणि मग क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा परत तिथेच येतात का ते बघावं लागतं. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, म्हणून दोन. हे शेवटचे दोन फेरे कंटाळा करून टाळणाराच नेमका फसतो. पहिला प्रयोग एकुलत्या एका गाडीवर करू नका. गॅरेजला द्या, फक्त ३० मध्ये टेन्शनर, आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली) आणि बेल्टवर चालत असेल तर वॉटर पंपही धरलाय का, ते विचारा. मजुरी तीच पडते.

वॉरंटीच्या भरवशावर राहू नका. झिजणारे भाग आणि वेळेवर देखभाल न केल्याने झालेलं नुकसान अशा करारांत बहुधा वगळलेलं असतं. तुम्ही ३० हजार किलोमीटर उशिरा आहात. कलम काढून वाचा. विकणाऱ्याने ते वाचून दाखवलं नसणार, हे वेगळं सांगायला नको.

आता न विचारलेलं. कार्डावर १५० देणं, त्यावर महिन्याला साडेचार व्याज. तुम्ही मिनिमम म्हणून साडेसात भरता, त्यातले साडेचार व्याजातच जातात. तीन महिन्यांचं व्याज तेराच्या वर. बेल्टवर वाचवणार होतात त्याहून जास्त!

आणि त्याच महिन्यात १० पॉलिसीला. दुप्पट ऐकायला छान वाटतं. पण पहिला हप्ता वीस वर्षं राहतो, शेवटचा एक महिना. सरासरी दहा वर्षं. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे ढोबळ सात टक्के, महिन्याच्या हप्त्यांचा नेमका हिशेब केला तर वर्षाला साडेसहा टक्क्यांच्या आसपास, तेही पॉलिसीवरच्या बोनसचा एजंटचा अंदाज खरा ठरला तर. इकडे सरळ व्याजाने ३६ टक्के देताय. साडेसहा कमवायला छत्तीस मोजणं, याला बचत कोणी म्हणायचं?

'दोन वर्षं भरलेलं वाया जाईल' असं तुम्ही लिहिलंय. त्यातलं जे गेलं ते पॉलिसी घेतली त्या दिवशीच गेलं. सरेंडर केल्यास (पॉलिसी मोडल्यास) किती आणि पेड-अप केल्यास (हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवल्यास) किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. घरात कोणी तुमच्यावर अवलंबून असेल तर आधी साधा मुदत विमा घ्या, तो हातात आला की मगच हप्ता बंद करा. सुटलेले १० आणि नेहमीचे साडेसात असे साडेसतरा दर महिन्याला कार्डावर भरलेत, नवी खरेदी शून्य ठेवलीत, तर दहा-अकरा महिन्यांत कार्ड कोरं. सरेंडरचे पैसे आले तर त्याआधीच.

बेल्टचे ३० आत्ता हातात नसतील तर, एरवी मी हे कधी सांगत नाही, तेवढा एक खर्च कार्डावर टाका. महिन्याला ०.९ व्याज पडेल आणि कार्ड दोनेक महिने उशिरा फिटेल, पण २०० चा धोका याच आठवड्यात टळेल. तोवर गाडी उभी.

हप्ता थांबला की एजंटचा फोन येईलच. त्याला वर्षाचा परतावा किती टक्के, तेवढं लिहून द्यायला सांगा.