पाचवा फोन उचलता, घोटाळा तिथेच होतो

विनोदी सिनेमात तिशी ओलांडलेल्या मुलामागे डबा घेऊन धावणारी आई दिसली की सगळे हसतात. घरात तेच रोज घडू लागलं की मुलगा, सून आणि आई तिघंही थकतात. समुपदेशनाला आलेल्या ३४ वर्षांच्या एका तरुणाचा प्रश्न होता, “आईला नाही म्हटलं तर मी वाईट मुलगा ठरतो का?” (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नोकरी पुण्यात, आई साताऱ्यात एकटी, लग्नाला दीड वर्ष. कामाच्या वेळेत आईचे आठ-दहा फोन: जेवलास का, बिल भरलंस का, सूनबाई किती वाजता आली.

त्याला आठवडाभर नोंद ठेवायला सांगितलं: फोन किती वाजता, कशासाठी, उचलला का, काय बोललात. चार फोन तो टाळायचा, पाचवा वैतागून उचलायचा, आणि ओरडल्याचं वाईट वाटून आईचं म्हणणं मान्य करायचा. चिकाटी धरली की मुलगा ऐकतो, हे आईला त्यानेच शिकवलं होतं. कधी मिळणारा, कधी न मिळणारा प्रतिसाद सवय फार घट्ट करतो; मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं होतं.

मग ठरलं ते असं. रोज रात्री साडेआठला त्यानेच फोन करायचा, १५ मिनिटं, दुसरं काहीही न करता. दिवसा आईचा फोन आला तर एकदाच मेसेज: “कामात आहे, साडेआठला बोलतो.” तातडी म्हणजे काय, हेही आईशी बोलून ठरवलं: पडणं, छातीत दुखणं, चक्कर. तेव्हा शेजारच्या काकूंनी फोन करायचा आणि तो लगेच उचलायचा.

बायकोला पुढे करणं मात्र पूर्ण बंद. “हिला आवडत नाही” म्हटलं की मायलेकांचा प्रश्न सासू-सुनेचं भांडण होतो. दोघांमधला ताण तिसऱ्यावर ढकलणं, याला मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी कुटुंबातला त्रिकोण म्हटलं ते हेच. वाक्य स्वतःचं हवं: “आई, तुझं ऐकलं. मी विचार करून रविवारी सांगतो.”

सुरुवातीला फोन कमी होत नाहीत, वाढतात. रडणं, अबोला, “आता माझी गरज उरली नाही” हेही येतं. इथे बहुतेक मुलं माघार घेतात आणि पुढच्या वेळी आई अधिक वेळ ताणून धरते. रडणाऱ्या आईला धीर जरूर द्यावा; ठरलेली वेळ मात्र बदलू नये.

आईचा एकटेपणा खरा असतो, त्याची वेगळी सोय लागते. या घरात शेतीचा हिशेब पूर्णपणे आईकडे दिला. झोप, भूक, बोलणं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं तर डॉक्टरांना दाखवावं. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.

फ्लॅटची दुसरी किल्ली आईकडे आहे आणि आई न कळवता येते, हा विषय अजून काढलेला नाही. फोनची घडी बसल्यावरच तो घ्यायचा; दोन्ही एकदम काढले तर आईला घरातून काढल्यासारखं वाटेल.