पाण्यातला चमचा मोडल्यासारखा का दिसतो? प्रकाश नक्की कुठे वाकतो?

तुम्ही विचारलंय की पेल्यातला चमचा मोडलेला दिसतो तो प्रकाश पाण्यात वाकत वाकत जातो म्हणून का, आणि पाणी, काच, तेल या सगळ्यांत तो सारखाच वाकतो का.

वाकत वाकत जात नाही. प्रकाश हवेत सरळ जातो आणि पाण्यातही सरळच जातो. दिशा बदलते ती फक्त वेशीवर, जिथे हवा संपून पाणी सुरू होतं तिथे, एकदाच. मी दहावीला विज्ञान शिकवतो. मुलं वहीत पाण्यातला किरण केळ्यासारखा गोल काढतात, म्हणून हे मला दरवर्षी पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

वेशीवर वळतो कारण तिथे वेग बदलतो. हवेत प्रकाश सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर जातो, पाण्यात सव्वादोन लाख, साध्या काचेत २ लाख. आता बैलगाडी डांबरी रस्त्यावरून तिरकी नांगरटीत घातली असं समजा. आधी एक चाक ढेकळांत शिरून मंदावतं, दुसरं अजून रस्त्यावरच पळत असतं, त्यामुळे गाडी आपसूक मंदावलेल्या चाकाच्या बाजूला वळते. दोन्ही चाकं शेतात आली की वळणं थांबतं, पुढे गाडी सरळच जाते, फक्त हळू. आणि गाडी रस्ता सोडून काटकोनात आत घातली, तर दोन्ही चाकं एकदम मंदावतात आणि ती वळत नाही. प्रकाशही पाण्यावर सरळ उभा पडला तर मंदावतो, पण वळत नाही.

पाण्यात वेग कमी होतो की वाढतो, यावर पूर्वी मोठा वाद होता. प्रकाश म्हणजे बारीक कणांचा झोत, या न्यूटनच्या कणसिद्धांताप्रमाणे तो वाढायला हवा होता. १८५० साली पॅरिसमध्ये लिऑन फुको या फ्रेंच शास्त्रज्ञांनी फिरता आरसा वापरून दाखवून दिलं की तो कमीच होतो.

कोणता पदार्थ प्रकाशाला किती मंदावतो, त्याचा आकडा म्हणजे अपवर्तनांक. पाण्याचा १.३३, साध्या काचेचा साधारण १.५, हिऱ्याचा २.४२. पृष्ठभागाच्या लंबाशी ४५ अंशांचा कोन करून आलेला किरण पाण्यात ३२ अंशांवर येतो, काचेत २८ वर आणि हिऱ्यात थेट १७ वर. म्हणजे सगळीकडे सारखा वाकत नाही.

आता चमचा. त्याच्या बुडालेल्या टोकाकडून निघालेला किरण पाण्याबाहेर पडताना वळून डोळ्यात येतो. डोळ्याला ते वळण कळत नाही. किरण सरळच आला असं धरून तो टोक आहे त्याहून वर दाखवतो. हेच विहिरीत घडतं, आणि तिथे ते जिवावर बेतू शकतं. मी आठ वर्षांचा असताना मळ्यातल्या विहिरीच्या पायरीवरून तळातला पांढरा दगड स्वच्छ दिसत होता. पाय टेकतील असं वाटून उतरलो आणि पाय टेकलेच नाहीत. आजोबांनी दंडाला धरून ओढून काढलं. अगदी वरून सरळ खाली पाहिलं तरी चार परस पाणी तीन परसच दिसतं. काठावरून तिरकं पाहिलं तर त्याहूनही कमी. मुलांना पोहायला नेणाऱ्यांनी हे आधी सांगाच.

घरी पाहायचं असेल तर स्टीलच्या वाटीच्या तळाला कणकेच्या गोळीने एक रुपया चिकटवा. वाटीच्या कडेआड तो जेमतेम लपेल इतके मागे सरका आणि मान न हलवता दुसऱ्याला हळूहळू पाणी ओतायला सांगा. नाणं कडेवरून वर येताना दिसेल.

तेलाबद्दल एक गैरसमज काढून टाका. प्रकाशाला जास्त मंदावणाऱ्या पदार्थासाठी पुस्तकात 'घन माध्यम' असा शब्द असतो, त्यावरून जड पदार्थ प्रकाशाला जास्त वाकवतो असं मुलांना वाटतं. गोडं तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे हलकं, तरी त्याचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास, पाण्याहून जास्त. प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेच्या परीक्षानळीचाही जवळपास तेवढाच असतो. मी वर्गात अशी नळी तेलाने भरून तेलाच्याच चंचुपात्रात उभी करतो. तेलातून काचेत जाताना प्रकाशाचा वेग जवळजवळ बदलतच नाही, म्हणून तो वळत नाही आणि कडेवरून परतही फिरत नाही. नळीचा बुडालेला भाग दिसेनासा होतो, वर उरते ती नुसती हवेत तरंगल्यासारखी कड. मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे येतात, आणि कुणीतरी नळी आहे का ते पाहायला बोट आत घालतंच.