आतड्यातले परजीवी शरीराच्या पेशींत कसे शिरतात? त्यात एन्झाइमचं काम काय?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "एमएस्सीला आहे म्हणून विचारतोय. पण आमांश चार गोळ्यांत बरा होतो, मग एवढी एन्झाइमची नावं पाठ करून उपयोग काय?" मी लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यासाठी. नाशिकला पंचवटीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी २२ वर्षं टेक्निशियन आहे. चार गोळ्यांत 'बरा' झालेला आमांश माझ्या वडिलांच्या यकृतात काय करून गेला, ते मी सिरिंजमध्ये पाहिलंय.

२००६ ची गोष्ट. दिंडोरी तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग. गोडी छाटणीचे दिवस, अण्णा आणि दादा पहाटेपासून बागेत, प्यायला विहिरीचं पाणी, तेही न उकळलेलं. अण्णांना आव पडायला लागली. पोटात मुरडा, दिवसातून आठ-दहा वेळा जाणं, मग रक्त. गावातल्या डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोल लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं, तिसऱ्या दिवशी अण्णा भाकरी जेवले. त्या गोळीने तोंडाला पत्र्यासारखी चव येते, म्हणून उरलेली पट्टी त्यांनी देवळीत ठेवून दिली. दादा म्हणाला, "बरं वाटतंय ना, मग कशाला पोटात घालायच्या?" मी फोनवर दोनदा सांगितलं, पूर्ण घ्या. धाकट्या बहिणीचं कोण ऐकतं?

डिसेंबरात ताप सुरू झाला. रात्री दरदरून घाम, उजव्या कुशीत दुखणं, आणि उजवा खांदा ठणकतोय. दादाचं निदान ठरलेलं होतं: पंपाच्या पट्ट्याने खांदा भरलाय, फवारणीची औषधं अंगात भिनलीत. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, टायफॉइडची तपासणी झाली, त्यात तीन आठवडे गेले. शेवटी मीच गाडी करून त्यांना नाशिकला आणलं. सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात गळू निघालं, साडेआठ सेंटिमीटरचं. सुजलेलं यकृत वरच्या श्वासपटलाला डिवचतं आणि ती कळ खांद्यात उमटते. पट्ट्याचा काही संबंध नव्हता.

सुईने पू काढला, तेव्हा मी तिथे उभी होते. इंग्रजी पुस्तकांत त्याला कुठल्याशा माशाच्या सॉसची उपमा देतात. मला तो दिसला नागलीच्या पातळ आंबिलीसारखा, तांबूस तपकिरी, आणि त्याला वास नव्हता. जिवाणूंमुळे झालेल्या पुवाची दुर्गंधी मला पाठ आहे, हा त्यातला नव्हता. स्लाइड मी स्वतः लावली, तासभर बघितली. पुवात ज्या पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या असतात त्या जवळजवळ नाहीत, आमांश करणारा अमीबा तर एकही नाही. नुसता चोथा. विरघळलेलं यकृत होतं ते.

आता तुमचा प्रश्न. तो अमीबा म्हणजे एन्टअमीबा हिस्टोलिटिका. जर्मन शास्त्रज्ञ शाउडिनने १९०३ मध्ये ठेवलेल्या या नावाचा अर्थच मुळी 'ऊतक विरघळवणारा'. तुमच्या प्रश्नातलं 'पेशींत शिरतात' हे निदान याच्या बाबतीत चूक आहे. हा पेशीच्या आत राहायला जात नाही, पेशींमधून वाट काढत जातो. मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्माचा थर असतो, त्याचं मुख्य प्रथिन म्युसिन-२. अमीबा आपल्या पृष्ठभागावरच्या लेक्टिनने, म्हणजे साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनाने, त्या म्युसिनच्या साखरेला, म्हणजे गॅलॅक्टोज आणि एन-अॅसिटिलगॅलॅक्टोसअमाइनला पकडतो आणि सिस्टीन प्रोटिएज सोडतो. ही प्रथिनं कापणारी एन्झाइम आहेत. म्युसिनचा बराचसा भाग साखरेने झाकलेला, तिथे कात्री चालत नाही. पण टोकाशी कमी साखरेची जागा असते. ५ क्रमांकाचं सिस्टीन प्रोटिएज नेमकं तिथे कापतं आणि थराची जाळी सुटून पातळ होते. खालच्या पेशी उघड्या पडल्या की त्यांना धरून ठेवणारी प्रथिनं आणि कोलॅजनही हीच कापतात. आपल्या बचावाच्या अँटिबॉडी, आयजीए आणि आयजीजी, त्याही तोडतात. पेशी मारायला अमीबापोर नावाची छिद्रं पाडणारी प्रथिनं असतात. शिवाय जिवंत पेशीचे लचके तोडून तिला मारतो, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं. वर बारीक तोंड आणि खाली पसरलेला, चंबूसारखा व्रण होतो तो असा. तिथून आतड्याचं रक्त यकृताकडे नेणाऱ्या पोर्टल शिरेतून तो यकृतात पोचतो.

हे ५ क्रमांकाचं नाव पाठ करायचं कारण सांगते. एन्टअमीबा डिस्पार हा दुसरा अमीबा मायक्रोस्कोपखाली अगदी तसाच दिसतो, तशाच चार केंद्रकांच्या सिस्ट, म्हणजे कवचातले निपचित अमीबा. पण तो निरुपद्रवी, आणि त्याच्याकडे या एन्झाइमचं चालणारं जनुक नाही. हिस्टोलिटिकामध्ये सिस्टीन प्रोटिएज दाबून टाकली, तर हॅमस्टरच्या यकृतात गळू करण्याची त्याची ताकद बरीच घटते. म्हणून रिपोर्टवर नुसतं 'सिस्ट दिसल्या' वाचून घाबरणं चूक. हलणारा अमीबा दिसला आणि त्याच्या पोटात तांबड्या पेशी असल्या, तर मात्र तो ऊतक खातोय असंच धरायचं.

दादाचा मुद्दा मी अजून खोडलेला नाही. यकृताचं निदान झालं तेव्हा अण्णांची स्टूल तपासणी निल आली होती. तो कागद दादाने मला दाखवला: "शौचात अमीबा नाही, पुवात नाही, मग अमीबा आला कुठून? फवारणीनेच झालंय." वर्षानुवर्षं प्रत्येक दिवाळीला हेच. तर दादा, तुलाही इथेच सांगते. यकृतात गळू झालेल्या बऱ्याच रुग्णांच्या शौचात अमीबा सापडतच नाही. आणि पुवात नसतो, कारण तो मधल्या विरघळलेल्या भागात थांबत नाही, गळवाच्या कडेला, जिथे जिवंत यकृत आहे तिथे असतो. रक्तातली अमीबाविरोधी अँटिबॉडीची तपासणी पॉझिटिव्ह होती, तो कागद तू कधी वाचलाच नाहीस.

बाकीचे परजीवी थोडक्यात. जिआर्डिया आत शिरत नाही, चकतीने चिकटून बसतो. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र खरोखर पेशीच्या आवरणाखाली जातो, तुमच्या प्रश्नाला तोच जास्त जुळतो, त्याच्यावर वेगळं वाचा. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून एन्झाइमच्या मदतीने घुसते, आणि मोठा झालेला कृमी आतड्याला चावून रक्त पितो, मग त्यातलं हिमोग्लोबिन प्रोटिएजनेच पचवतो.

गोळ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रक्त थांबलं म्हणजे एन्झाइम थांबलं एवढंच, अमीबा संपला असं नाही. मेट्रोनिडॅझोल वरच्या आतड्यातच शोषलं जातं आणि ऊतकातल्या अमीबावर चालतं. आतड्याच्या पोकळीत उरलेल्यांसाठी नंतर डायलोक्सानाइडसारखं दुसरं औषध लागतं. अण्णांना ते पहिल्या वेळी कुणी दिलंच नव्हतं.

मी डॉक्टर नाही, औषध त्यांनाच विचारून घ्या. हिस्टोलिटिका पोटात असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, हेही खरं. अण्णांनी गोळ्या पूर्ण घेतल्या असत्या तर गळू झालंच नसतं, असं छातीठोकपणे मलाही म्हणता येत नाही. आणि फवारणीची औषधं वाईटच, मास्क न लावता मारू नका.

दादा आता म्हसरूळला राहायला आलाय. गेल्या पावसाळ्यात त्याच्या मुलीला आव पडली, तेव्हा सॅम्पल घेऊन तो स्वतः गाडीवर पंधरा मिनिटांत लॅबमध्ये आला. डबी हाताला कोमट लागत होती. सलाइनचा थेंब, कव्हर स्लिप, ४० चं लेन्स, आणि एक अमीबा पाय पसरत एकाच दिशेने सरकत होता, पोटात चार तांबड्या पेशी. मी दादाला खुर्चीवर बसवून दाखवला. त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "अण्णांचं फवारणीनेच झालं होतं पण." मी काही बोलले नाही. डायलोक्सानाइडचे दहाही दिवस संध्याकाळी वहिनीला फोन करून विचारत राहिले, आजच्या तिन्ही गोळ्या झाल्या का.