आई-वडिलांना बेळगावहून शिकागोला नेताना बिझनेस क्लास काढावा का?

काढा. पैसा हातात असेल तर जाता-येताचं काढा, ओढाताण होत असेल तर निदान जातानाचं तरी काढा.

तुम्ही लिहिलंय की आई-वडील दोघंही सत्तरी ओलांडलेले, आईचे गुडघे दुखतात, बेळगावहून बेंगलोर आणि तिथून युरोपात विमान बदलून शिकागोला तुमच्या बहिणीकडं पहिल्यांदाच निघालेत. आणि घरातली माणसं म्हणतात, नुसतं झोपायला मिळावं म्हणून एवढे पैसे कशाला घालायचे. कोणती कंपनी चांगली तेही विचारलंय. कंपनीचं पुढं सांगतो. आधी घरातल्या माणसांचं बोलतो, कारण हेच वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय आणि अजून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आमचं घर बेळगावातल्या वडगावात, विणकरांचं. घरात माग होते, आणि आई लग्न होऊन आल्यापासून रहाटावर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. जमिनीवर बसून, एक पाय दुमडून, सकाळी सैपाक उरकला की संध्याकाळपर्यंत. त्या बसण्यानं तिचे गुडघे गेले. वडील वारल्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडं अमेरिकेला आली, तेव्हा तिकीट थोरल्या भावानं एजंटकडून काढलं होतं, सगळ्यात स्वस्तातलं. दोन ठिकाणी विमान बदलायचं, लांबच्या टप्प्यात चार सीटच्या रांगेत मधली जागा, व्हीलचेअर सांगितलेलीच नाही.

विमानतळावर ती बाहेर आली तेव्हा चपला हातात होत्या. पाय इतके सुजलेले की अंगठ्यात चप्पल शिरेना. ओठ फुटलेले. घरी आणून पाणी दिलं तर एका दमात दोन तांबे प्यायली. विचारलं, "विमानात पाणी देत नव्हते का?" म्हणाली, "देत होते की. पाणी प्यालं की उठावं लागतंय, उठायचं तर त्या पोराला उठवावं लागतंय. झोपलं होतं बिचारं." आईला मराठी येतं, बाजारापुरतं कन्नड येतं, हिंदी कळतं पण बोलायला धजत नाही. शेजारच्याला "जरा उठता का" हे कुठल्या भाषेत म्हणायचं, या काळजीनं तिनं सगळा प्रवास घशाला कोरड पाडून काढला.

त्याच रात्री मी दादाला फोन करून सांगितलं की पुढच्या खेपेला आई बिझनेस क्लासनं येणार, पैसे माझे. तो म्हणाला, "तिला काय करायचंय रे ते? आई कुठं पण झोपते. तेवढ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब पडतोय." वहिनीनंही मान डोलावली असणार. "आई कुठं पण झोपते" हे खरंच आहे. ती मागाच्या खोलीत, मागांच्या खडखडाटात झोपलीय, लग्नाघरी भांड्यांच्या ढिगाशेजारी झोपलीय, दवाखान्यात वडिलांच्या खाटेखाली झोपलीय. म्हणून म्हातारपणीही तिनं कुठं पण झोपावं, हा हिशोब मला मान्य नाही. तेव्हाही नव्हता, आताही नाही.

पुढच्या खेपेला मी स्वतः तिला न्यायला आलो. तिचं तिकीट बिझनेसचं काढलं, माझं इकॉनॉमीचं. दोन्ही बिझनेसची काढायची ऐपत नव्हती आणि मला त्याची गरजही नव्हती. हे ठासून सांगतो: चाळिशीतल्या धडधाकट माणसानं स्वतःच्या पैशानं बिझनेस क्लासनं जाऊ नये. ऑफिस पाठवत असेल तर जा. लहान पोरांना तर अजिबात बसवू नका, त्यांना कुठंही झोप लागते. हा खर्च म्हाताऱ्या शरीरासाठी आहे.

विमानात चढताना हवाईसुंदरीनं मला आईला तिच्या जागेपर्यंत सोडू दिलं. आईनं सीटवर ठेवलेलं पांघरूण उचललं, काठ अंगठ्यानं चाचपला, उलटं करून आतली बाजू बघितली आणि म्हणाली, "सूत चांगलं हाय. शिवण कच्ची हाय." मग पायातल्या चपला काढून सीटखाली एकाला एक लावून ठेवल्या. हवाईसुंदरींत हुबळीची एक मुलगी होती, तिनं कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, ऊटा आयता?" म्हणजे, जेवण झालं का? आई एकदम मोकळी झाली. सीमाभागात या भाषेवरनं आमच्या दोन पिढ्या भांडल्यात, पण त्या मध्यरात्री तिच्या तोंडून कन्नड ऐकून मला जेवढं बरं वाटलं तेवढं कधी वाटलं नव्हतं. तिनंच सीट आडवी करून गादी अंथरून दिली आणि कुठलं बटण कशाचं ते दाखवलं.

मी मागं चाळिसाव्या रांगेच्याही पुढं. रात्री कधीतरी डोळा लागला असेल, तेवढ्यात खांद्यावर हात पडला. बघतो तर आई. अंगात स्वेटर, पायात विमानातले मोजे. "तू कुठं बसलास बघायला आले," म्हणाली. मग माझ्याकडं नीट बघून, "आरं, तू बसूनच झोपलास? जा, माझ्या जागेवर पड जा घटकाभर. मी बसते हितं." तशी अदलाबदल चालत नाही, ती मुलगी मागोमाग आली आणि आईला हाताला धरून परत घेऊन गेली. पण आधीच्या खेपेला शेजारच्या पोराची झोप मोडू नये म्हणून जिनं पाणी सोडलं, ती आता आपणहून उठून अख्खं विमान चालत मागं आली होती. शिकागोत उतरताना चप्पल पायात शिरली. दादाला मी हेच सांगतो. तो म्हणतो, गोळ्या बदलल्या होत्या म्हणून सूज आली नाही. असो. स्लॅब त्यानंतर वर्षभरात पडला.

आता तुमच्या कामाचं. कोणती कंपनी हे विचारू नका, कोणतं विमान आणि कोणती सीट हे विचारा. बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवी होणारी सीट पहिल्यांदा ब्रिटिश एअरवेजनं २००० साली आणली. आज लांबच्या बहुतेक उड्डाणांत ती मिळते, पण सीट कशा मांडल्यात यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. १-२-१ मांडणी, म्हणजे एका रांगेत खिडकीशी एक सीट, मग वाट, मधे दोन, पुन्हा वाट आणि खिडकीशी एक, अशी असेल तर प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता येतं, कुणाला ओलांडायला लागत नाही. कतार एअरवेजची क्यूसुईट नावाची बिझनेस सीट, एअर इंडियाची नवी ए-३५० विमानं ही त्यातली. लुफ्तान्साच्या जुन्या केबिनमध्ये २-२-२ आहे. तिथं खिडकी घेतली की शेजाऱ्याचे पाय ओलांडणं आलं, पण मधल्या दोन सीट घेतल्या तर दोघांनाही आपापल्या बाजूनं उतरता येतं. तुमचे दोघं नवरा-बायको आहेत, तेव्हा १-२-१ असो की २-२-२, मधली जोडीच घ्या. एमिरेट्सच्या जुन्या पद्धतीच्या बोइंग ७७७ मध्ये २-३-२ आहे, म्हणजे बिझनेसचे पैसे भरूनही एकजण मधोमध अडकतो. त्यांच्याच ए-३८० मध्ये मात्र १-२-१ आहे. तिकीट काढायच्या आधी एजंटकडून विमानाचा प्रकार लिहून घ्या आणि नकाशावर सीट बघूनच पैसे भरा.

बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५० मिळत असेल तर तेच निवडा. विमानात आतली हवा जुन्या विमानांत साधारण आठ हजार फूट उंचीवर असते तेवढी विरळ ठेवतात, या दोन विमानांत सहा हजारांच्या आसपास. आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे, महाबळेश्वर साडेचार हजारांवर, उटी सात हजारांच्या वर. म्हणजे जुन्या विमानात रात्रभर उटीहूनही उंच बसल्यासारखं होतं. ही हवा पुढच्या केबिनला वेगळी आणि मागच्याला वेगळी नसते. वडिलांना दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर कुठल्याही क्लासचं तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

पैशाचं म्हणाल तर बिझनेसचं तिकीट इकॉनॉमीच्या साधारण तिप्पट-चौपट पडतं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून बाकी सगळ्या वर्गांवर जीएसटी १२ चा १८ टक्के झालाय. इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे. चार-सहा महिने आधी बघायला लागा. क्रेडिट कार्डाचे पॉइंट साठले असतील तर ते इथंच खर्च करा, मिक्सर-कुकर घेण्यात घालवू नका. इकॉनॉमीचं तिकीट काढून नंतर बोली लावून वरचा क्लास मिळवायची सोय बऱ्याच कंपन्यांत असते, पण ती म्हाताऱ्या माणसांसाठी धरून चालू नका. उत्तर शेवटच्या घटकेला येतं आणि बऱ्याचदा नाही असंच येतं. प्रीमियम इकॉनॉमीत पाय पसरायला चार-सहा इंच जादा मिळतात, पण सीट आडवी होत नाही आणि शेजारी असतोच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्याचा फायदा थोडा. बेळगाव-बेंगलोर टप्प्यासाठी जादा पैसे अजिबात घालू नका. बेळगावच्या सांबरा विमानतळावरनं विमानानं या नाहीतर राणी चन्नम्मा रेल्वेनं या, पण एक दिवस आधी या, पाहुण्यांकडं आंघोळ-जेवण-झोप होऊ द्या. विमानतळ देवनहळ्ळीकडं आहे, शहरातनं निघायला वेळ लागतो, आणि युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती महत्त्वाची आहे. बिझनेस क्लास म्हणजे औषध नव्हे. बसून बसून पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती चार तासांवरच्या कुठल्याही प्रवासात असते, आणि ती इकॉनॉमीच्या सीटमुळंच होते असं डॉक्टर लोकांनाही सिद्ध करता आलेलं नाही. कारण आहे न हलणं. आडवं पडून आठ तास गाढ झोपलेला माणूसही हलत नाही. तेव्हा दोघांनाही सांगून ठेवा: जागे असाल तेव्हा दर तासा-दोन तासांनी उठायचं, बसल्या जागी घोटे फिरवायचे, पाणी प्यायचं. आईच्या पायाच्या शिरा फुगलेल्या असतील किंवा नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घ्या. ॲस्पिरिन कुणी सांगितली म्हणून मनानं देऊ नका.

आणखी एक. बिझनेसचं तिकीट आणि प्रवासी विमा यातलं एकच परवडत असेल तर विमा घ्या. अमेरिकेत एका रात्रीचा दवाखाना या सगळ्या तिकिटांच्या पुढं जाऊ शकतो. मी आधी ठासून "काढा" म्हटलं ते विमा झाल्यावरचं.

जेवणात एशियन व्हेजिटेरियन किंवा हिंदू व्हेजिटेरियन असं निदान २४ तास आधी नोंदवावं लागतं, बिझनेसमध्येसुद्धा. नाही नोंदवलं तर आईसमोर चीज आणि उकडलेली भाजी येते. शेंगाचटणी आणि चार चपात्या सोबत द्याच. बॅगांचं म्हणाल तर अमेरिकेला बिझनेसमध्ये बहुतेक कंपन्या माणशी ३२ किलोच्या दोन बॅगा देतात, इकॉनॉमीत २३ च्या. पण आईला ३२ किलोची बॅग पट्ट्यावरनं उचलता येणार आहे का, याचा विचार करून भरा.

तुमच्या घरातल्यांशी वाद घालू नका, मी वर्षानुवर्षं घालून बघितलाय. पैसे कोण देणार एवढंच विचारा. तुम्ही देणार असाल तर मत फक्त आई-वडिलांचं, आणि त्यांनाही तिकिटाची किंमत आधी सांगू नका. सांगितलीत तर आई "नको बाळा, मी बसते की कशी पण" म्हणणार आणि मग घरातले तेच धरून बसणार. तिकीट आधी काढा, रद्द केल्यास किती पैसे कापतात ते विचारून काढा, मग घरात सांगा. दोघांची व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवून घ्या; तिला वेगळे पैसे लागत नाहीत, आणि एजंट "विमानतळावर गेल्यावर मिळते की" म्हणाला तरी ऐकू नका.