वर्ल्ड कप जिंकला, मग पुन्हा कॅन्डिडेट्स कशाला?

प्रश्न : नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५चा बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला. मग ती थेट जगज्जेतीशी का खेळत नाही?

वर्ल्ड कपमधून पहिल्या तिघींना मिळतं ते फक्त कॅन्डिडेट्सचं तिकीट. तिथं आठ जणी प्रत्येकीशी दोनदा खेळतात, एकूण १४ डाव. त्यात पहिली येईल ती आव्हानवीर, म्हणजे जगज्जेतीशी खेळणारी. पुरुषांचंही तेच : गोव्यातल्या वर्ल्ड कपला २०६ खेळाडू होते, कॅन्डिडेट्सला गेले तिघे. बाकी दिव्याला ग्रँडमास्टर किताब थेट मिळाला, नॉर्मच्या, म्हणजे त्यासाठी स्पर्धांमध्ये करून दाखवाव्या लागणाऱ्या ठरावीक कामगिरीच्या, खटाटोपाशिवाय!

प्रश्न : वर्ल्ड कपच्या नॉकआउट लढतीत बरोबरी सुटतच नसेल तर?

दोन दिवस दोन क्लासिकल, म्हणजे भरपूर वेळेचे डाव, मग टायब्रेक. आधी कमी वेळेचे रॅपिड, तरीही सुटलं नाही तर वेळ कमी करत करत काही मिनिटांचे ब्लिट्झ. बाटुमीला (जॉर्जिया) झालेल्या या महिला वर्ल्ड कपच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपी आणि दिव्याचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. पहिला रॅपिडही. दुसरा दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी मारला. घड्याळ अंगावर आलं की हंपीसारख्या मुरलेल्या खेळाडूचाही हात चुकतो.

हे लॉटरीसारखं वाटत असेल, तर १९८३ आठवा. स्मिस्लोव्ह आणि ह्यूबनर यांची कॅन्डिडेट्सची उपांत्यपूर्व लढत जादा डावांनंतरही ७-७. निकाल लावला कॅसिनोतल्या रूलेटनं! पहिल्यांदा चेंडू पडला शून्यावर, ना लाल ना काळा, म्हणजे तिथंही बरोबरी. चक्र पुन्हा फिरवलं आणि स्मिस्लोव्ह पुढे गेले.

प्रश्न : पूर्वी आव्हानवीर नॉकआउटनंच ठरायचा ना? बंद का झालं?

हो. १९६२ला कुरासाओ बेटावरच्या साखळी पद्धतीच्या कॅन्डिडेट्समध्ये सोव्हिएत खेळाडू आपसात ठरवून बरोबरी करतात, असा अमेरिकेच्या बॉबी फिशरचा आरोप होता. म्हणून १९६५पासून समोरासमोरच्या नॉकआउट लढती आल्या. त्यातच १९७१ला फिशरनं तायमानोव्ह आणि लार्सन दोघांनाही ६-० धुतलं. पण त्या लढती दहा-दहा डावांच्या होत्या. २०११मध्ये रशियातल्या कझानला त्या चार डावांवर आणल्या, आणि ग्रिश्चुक एकही क्लासिकल डाव न जिंकता अंतिम फेरीत पोचला. २०१३पासून पुन्हा साखळी आली. माझ्या मते बरंच झालं.

प्रश्न : आनंदला नॉकआउटचा फटका बसला होता का?

चांगलाच. डिसेंबर १९९७मध्ये ग्रोनिंगेनचा लांबलचक नॉकआउट जिंकून तो आव्हानवीर झाला, आणि जानेवारी उजाडताच लोझानमध्ये जगज्जेत्या कार्पोव्हसमोर बसला. कार्पोव्हला थेट अंतिम लढतीत प्रवेश, म्हणजे अंग ताजं. तरी आनंदनं ३-३ केलं. रॅपिडमध्ये मात्र ०-२.