साताऱ्याकडे पॉलिहाऊसमधला गुलाब एप्रिलमध्ये लहान आणि कमी टिकाऊ का निघतो?

खत कमी पडतं म्हणून नाही, बहुतेक वेळा उष्णतेमुळे. गुलाबाला दिवसा २४ ते २८ आणि रात्री १५ ते १८ अंश मानवतं. त्यापेक्षा बरंच वर गेलं की कळी घाईने तयार होते. दांडा आखूड, पाकळ्या कमी, लाल रंग फिका. पाचगणीला, सुमारे १,३०० मीटरवर, तीच जात सावकाश वाढते आणि कळी मोठी भरते.

टिकण्याचं गणित साखरेचं आहे. गरम रात्री झाड श्वसनातच साखर जाळतं, मग फूल तोडतानाच त्याची शिदोरी अर्धीमुर्धी असते. फुलदाणीतल्या पाण्यात साखर टाकून हे पूर्ण भरून निघत नाही. नुसती साखर टाकली तर जंतूच वाढतात.

दुपारी शेडनेट ओढा, वरच्या खिडक्या उघड्या ठेवा. फॉगर, म्हणजे धुक्यासारखे बारीक तुषार सोडणारं यंत्र, थोडा थोडा वेळच चालवा आणि दुपार कलायच्या आत बंद करा, नाहीतर रात्री ओल्या पाकळ्यांवर राखाडी बुरशी येते. तोडणी पहाटे, दांडे लगेच स्वच्छ पाण्यात, मग २ ते ४ अंशांच्या शीतगृहात. सांगलीकडे उन्हाळ्यात हे सगळं करूनही जानेवारीसारखं फूल मिळेल असं मी म्हणणार नाही.