लीड्सला येताना धडधड घरी ठेवून येता येत नाही

तू विचारलंस, "दादा, सप्टेंबरात एमएससीला इंग्लंडमध्ये, तुझ्याकडे लीड्सला येतोय. मला मुलगे आवडतात, मुलीही. घरचे स्थळं बघायला लागलेत. तिकडे आलो की ही धडधड, रात्र रात्र जागणं थांबेल का?"

लगेच नाही थांबणार. माझंच सांगतो. सांगलीत असताना दुखणं वर्षभर अंगावर काढलं. घराजवळचे डॉक्टर बाबांचे मित्र, आणि मिरजेत जावं तर कुणीतरी ओळखीचं भेटणारच. शेवटी कोल्हापूरला खोट्या नावानं दाखवलं. "लग्न झालंय?" एवढंच विचारून मूळव्याधीचं मलम मिळालं.

इथल्या क्लिनिकमध्ये नर्सनं ॲलर्जीबद्दल विचारावं त्याच सुरात विचारलं, "जोडीदार पुरुष, स्त्रिया की दोन्ही?" माझ्या तोंडून निघालं, "स्त्रिया." दार बंद होतं, ओळखीचं कुणी नव्हतं, तरीही. मग फक्त लघवी तपासली. गनोरिया किंवा क्लॅमिडिया, म्हणजे लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग, नुसता घशात किंवा गुदमार्गात असेल, तर लघवीत सापडत नाही; बऱ्याचदा त्रासही जाणवत नाही. चार महिन्यांनी खरं बोललो, तेव्हा निदान झालं.

संशोधक इलान मेयर यांनी 2003 मध्ये यालाच 'मायनॉरिटी स्ट्रेस', म्हणजे अल्पसंख्य असण्याचा ताण, म्हटलं. आपल्या आवडीनं आपण आजारी पडत नाही. हिणवलं जाणं, हिणवतील म्हणून सतत सावध राहणं, लपवणं आणि मनात मुरलेली लाज, यांनी पडतो. बायसेक्शुअल, म्हणजे मुलगे-मुली दोन्ही आवडणाऱ्या मुलांवर तर समलिंगी आणि इतर, दोन्हीकडून अविश्वास. इथे डेटिंग ॲपवर 'इंडियन नकोत' असंही वाचशील, त्याची तयारी ठेव.

व्हिसासोबत वर्षाला 776 पौंड आरोग्य अधिभार भरशीलच, म्हणून आल्यावर पहिल्याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदव. लैंगिक आरोग्य क्लिनिकमधली तपासणी मोफत असते, घरी काही कळत नाही. हिपॅटायटिस आणि एचपीव्ही या विषाणूंच्या लशींचं तिथेच विचार. एचआयव्ही टाळणारी प्रेपची गोळीही मोफत आहे. एचआयव्हीचा धोका झालाच तर संसर्ग टाळण्यासाठी नंतर घ्यायची पेपची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली.

झोपेसाठी सप्टेंबरची वाट बघू नकोस, आत्ताच मानसोपचारतज्ज्ञांना भेट. "मुलगे आवडणं बरं करून देतो" म्हणाले तर तिथून उठ. 2022 पासून भारतातल्या डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशननं असे उपचार गैरवर्तन ठरवलेत.

आणि मुली आवडत असल्या तरी, स्थळ म्हणून आलेल्या मुलीला खरं न सांगता साखरपुडा उरकून येऊ नकोस. ती पोरगी यात नाहक भरडली जाईल.

पोचलास की कळव. पहिल्या तपासणीला सोबत येईन, बाहेरच्या बाकावर बसेन.